जुन्या झेनचं आतलं काम: छत, दारं, सीटा. काय बदलावं, काय ठेवावं?

ओसरी
नमस्कार मंडळी,
देवरुखला आमच्या घरी बाबांची २००२ सालची मारुती झेन गाडी आहे. ६४,००० किलोमीटर झालेत. २०१७ला आणि २०२२ला फेरनोंदणी करून घेतली, त्यामुळे २०२७ पर्यंत कागदांची चिंता नाही. इंजिन ठणठणीत, पहिल्या चावीला सुरू होतं. आतून मात्र गाडीची रया गेली आहे.

छताचं कापड सुटून खाली लोंबतंय, मागे बसणाऱ्याच्या डोक्याला घासतं. गेल्या वर्षी मी टाचण्या मारल्या, तर टाचण्यांच्या मधल्या जागा फुगल्या आणि वर हात लावला की पिवळा भुसा पडतो. दारांचे पॅड खालून फुगलेत, आतला पुठ्ठा पापुद्र्यांसारखा सुटतोय. सीटांवरचं रेक्झिनचं कव्हर शिवणीत उसवलंय. आणि पावसाळाभर गाडीत कुबट वास.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. आता चालवत नाहीत, पण बाजारात, डॉक्टरांकडे, मार्लेश्वरला त्यांना याच गाडीतून जायचं असतं, तेही पुढे बसून.

पुण्यात एका दुकानात विचारलं. टॅन रंगाचं 'नप्पा', सेव्हन-डी मॅट, छताला काळं स्वेड, सगळं मिळून ३२,००० सांगितले. एवढ्याची गरज आहे का? कापड घ्यावं की रेक्झिन? रंग कुठला? की भंगारातून मूळचेच भाग शोधावेत?

घाटवळण
टॅन करून टाका ताई. माझ्या गाडीला केलंय, आत बसलं की दहा वर्षं जुनी गाडी नवी वाटते.

तांबडीमाती
घाटवळण, तुम्ही राहता कुठे? आम्ही रत्नागिरीचे. जूनमध्ये जांभ्याच्या चिखलाचा पाय एकदा टॅन सीटला लागला की तो डाग दिवाळीला पण तिथेच. आमच्याकडे गडद करडा किंवा चॉकलेटी, बाकी काही नाही. आणि पावसाळ्यापुरतं वरून टॉवेलचं कव्हर, जे रविवारी धुऊन पडवीत वाळत टाकता येतं.

पाचवागियर
रंग, कापड सगळं नंतर. ओसरीताई, आधी एक सांगा: पाणी कुठून येतंय? पॅड खालून फुगतात ते वयामुळे नाही, पाण्यामुळे. पायाखालचं मॅट उचलून हात लावून बघा. पुढे डावीकडे ओलं आहे, मागे आहे, की डिकीत आहे? एसी आहे का?

पाणी थांबवल्याशिवाय ३२,००० घातलेत तर पुढच्या गणपतीला चर्चेचा हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

रानपाखरू
पाचवागियर +१. आणि सेव्हन-डी मॅट तर अजिबात नको. ते खाली घट्ट बसतं, दिसायला छान, पण त्याच्याखाली पाणी साचलं तर कळतच नाही. माझ्या आधीच्या गाडीचा पत्रा असाच सडला. मॅट उचललं तेव्हा ड्रायव्हरच्या टाचेखाली रुपयाएवढं भोक, त्यातून रस्ता दिसत होता.

ओसरी
आईला फोन करून बघायला सांगितलं. पुढे डावीकडे किंचित दमट आहे. मागे डावीकडे चांगलंच ओलं, फोम पिळला तर पाणी निघेल असं म्हणाली. एसी आहे, गार करतो.

पाचवागियर
मग दोन वेगळी दुखणी आहेत.

पुढचं डावीकडचं एसीचं असणार. एसीत जमणारं पाणी एका नळीवाटे गाडीखाली पडतं. उन्हाळ्यात गाडी उभी केली की खाली थेंब पडतात ना, ते हे. नळी कचऱ्याने तुंबली की तेच पाणी आत, डाव्या बाजूच्या पायाखाली उतरतं. गॅरेजवाला हवा मारून पाच मिनिटांत मोकळी करतो. एसी चालू असून खाली थेंब पडत नसतील तर तेच कारण समजा.

मागचं पाणी दारातून येत असावं. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, ते जाणारच. काचेला धरून खाली उतरतं आणि दाराच्या तळाला भोकं असतात त्यांतून रस्त्यावर पडतं. ते पाणी पॅडला लागू नये म्हणून पॅडच्या मागे, पत्र्यावर, एक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते फाटलं, नाहीतर खालची भोकं चिखलाने बुजली, की पाणी पॅडमध्ये आणि तिथून गाडीत.

मागच्या दारांत कधी स्पीकर बसवले होते का?

ओसरी
हो! २००६ साली भावाने मागच्या दोन्ही दारांत बसवून घेतले होते. पाचवागियर, तुम्हाला कसं कळलं?

पाचवागियर
स्पीकरसाठी पॅड कापताना मागचं प्लास्टिकही कापतात आणि तसंच सोडून देतात. शंभरातल्या बहुतेक जुन्या गाड्यांची हीच गोष्ट. तेव्हापासून दर पावसाळ्यात तुमचा पुठ्ठा पाणी पितोय.

उघडायचं कसं ते सांगतो, घरी करता येतं. काच पूर्ण वर घ्या. काच फिरवायच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नाही, कारण मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची छोटी स्प्रिंग असते. जुन्या सुती धोतराची किंवा साडीची चार बोटं रुंद पट्टी घ्या. हँडल आणि पॅड यांच्या फटीत सरकवा, दोन्ही टोकं धरा आणि बुटाला पॉलिश करताना घासतो तशी मागे-पुढे ओढत, हळूहळू वर आणा. कापडाचा धागा स्प्रिंगच्या टोकात अडकतो आणि 'टक' करून ती सुटते. पेचकसाने काढायला गेलात तर पॅड ओरबाडतो.

मग हात ठेवायच्या कड्याचे स्क्रू, आतल्या लॉकच्या वाटीचा स्क्रू. शेवटी कडेने पॅडच्या क्लिपा. प्लास्टिकची चपटी पट्टी क्लिपच्या अगदी जवळ घालून उचला. लांबून ओढलं की क्लिप दारातच राहते आणि पुठ्ठ्याचं भोक फाटतं. ८–१० नव्या क्लिपा आधीच आणून ठेवा, काही तुटतातच.

मेतकूटभात
ती स्प्रिंग सुटताना गोळीसारखी उडते, मंडळी. आमची अंगणातल्या गवतात गेली. दोन तास तीन पिढ्या शोधत होत्या, शेवटी नातवाने स्पीकरचं चुंबक बांबूला बांधून फिरवलं तेव्हा सापडली. ओढताना दुसऱ्याला समोर ओंजळ धरून बसवा.

घाटवळण
स्पीकरनेच बिघडवलं आणि स्पीकरनेच शोधून दिलं :)

जुनाकोट
आमचा कोल्हापुरात सीट शिवायचा धंदा आहे, वडिलांपासून. छताबद्दल मी सांगतो.

झेनसारख्या गाडीत छत म्हणजे साच्यात दाबलेला एक मोठा जाड पुठ्ठा. त्यावर कापड चिकटवलेलं असतं, आणि कापडाच्या पाठीला दोन-तीन मिलिमीटरचा फोमचा थर असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी हा फोम कुजतो. ताई, तुमच्या हातावर पडतो तो पिवळा भुसा म्हणजे हाच फोम. कापड चांगलं असतं, पुठ्ठा चांगला असतो, मधलाच दुवा मेलेला असतो. म्हणून टाचण्यांचा उपयोग नाही. सिरिंजने गोंद सोडायचा उपायही फुकट, कारण गोंद भुशाला चिकटतो आणि भुसा कशालाच चिकटत नाही.

बरोबर काम म्हणजे असं: दिवा, सनशेड, वरचे पकडायचे कडे, खांबांवरचे प्लास्टिक काढायचे. पुठ्ठा न वाकवता डिकीच्या दारातून बाहेर घ्यायचा. एकदा मोडला की ती घडी कायम दिसते. जुनं कापड सोलून काढायचं आणि पुठ्ठ्यावरचा भुसा मऊ ब्रशने शेवटच्या कणापर्यंत झाडायचा. यात कंटाळा केला तर सहा महिन्यांत पुन्हा लोंबतं. मग फोमचीच पाठ असलेलं छताचं कापड. नुसतं कापड लावलं तर पुठ्ठ्याचा खडबडीतपणा वर उमटतो. गोंद दोन्हीकडे पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मध्यापासून कडेकडे हाताने बसवत जायचं. आम्ही फेविकॉल एसआर वापरतो. पांढरा सुतारकामाचा फेविकॉल इथे चालत नाही, मे महिन्यातल्या गाडीतल्या उष्णतेला तो टिकत नाही.

काळं स्वेड नको. झेनची काच लहान, छत बुटकं. काळं केलं की डोक्यावर झाकण ठेवल्यासारखं वाटतं. फिका करडा घ्या. छताला कोणाचे चिखलाचे पाय लागत नाहीत, तिथे फिका रंग खुशाल.

तांबडीमाती
एवढं सविस्तर कुठे वाचायला मिळत नाही, जुनाकोट. धन्यवाद. 'नप्पा'बद्दलही सांगा ना.

जुनाकोट
नप्पा हे खरं तर मऊ चामड्याचं नाव, कोकराच्या किंवा करडाच्या. दुकानात कव्हरच्या भावात जे मिळतं ते पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. त्यात वाईट काही नाही, पण नावाचे पैसे देऊ नका. पाठ उलटून बघा: मागे विणलेलं कापड दिसलं की ते चामडं नव्हे. पीयू हाताला मऊ, पण स्वस्तातलं पीयू दमट हवेत चार-पाच वर्षांत पापुद्रे सोडतं. पीव्हीसीचं चांगलं रेक्झिन कडक लागतं, उन्हात तापतं, पण टिकाऊ. कोकणात खऱ्या चामड्याचा विचारच नको. बंद गाडीत श्रावणात त्यावर बुरशी धरते.

काळीपिवळी
रेक्झिनचा विषय निघाला म्हणून जरा अवांतर. माझे वडील मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. तिच्या छताला फुलाफुलांचं छापील रेक्झिन, सीटवर पारदर्शक प्लास्टिक, दाराला चकचकीत पत्र्याची पट्टी. लोकांना ती नुसती हौस वाटायची. वडील म्हणायचे, दिवसाला वीस-पंचवीस माणसं बसतात, कोणी घामाघूम, कोणी मासळीची पाटी मांडीवर घेऊन, पोर ओकतं, पाऊस आत येतो. संध्याकाळी एका ओल्या फडक्यात सगळी गाडी पुसून झाली पाहिजे. फुलं अशासाठी, की साध्या रंगावर डाग दिसतो, फुलांत दिसत नाही. दसऱ्याच्या आधी छत बदलायचं हा आमच्या घरचा सण असायचा. उरलेल्या तुकड्यांतून आई माझ्या वह्यांना कव्हरं घालायची.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा वडील दिवसभर फारसे बोलले नाहीत. सांगायचं एवढंच, की आत कोण बसणार आणि ते काय सांडणार हे आधी बघा, मग कापड.

रानपाखरू
काय सुंदर लिहिलंत, काळीपिवळी. यावर स्वतंत्र धागा काढा.

नवीनभिडू
इथेच विचारतो, माफ करा. माझी २०२४ची गाडी आहे, सहा एअरबॅगवाली. मलाही बाहेरून सीट कव्हर शिवून घ्यायचंय. चालेल ना?

पाचवागियर
जपून. तुमच्या पुढच्या सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूला, शिवणीत एअरबॅगचं छोटं लेबल असेल. बाजूची बॅग तिथून, सीटची शिवण फाडून बाहेर येते. वरून जाड कव्हर घट्ट शिवलं तर ती अडेल किंवा भलतीकडे फुगेल. त्या जागी उघडी फट असलेलं, नाहीतर एअरबॅगसाठी मुद्दाम कमकुवत शिवण ठेवलेलं कव्हरच घ्या. कंपनीचं घेतलंत तर उत्तम. डॅशबोर्डवर केसाळ गालिचा टाकतात तोही नको, शेजारच्या माणसाची बॅग त्याखाली आहे.

आणि सीट काढायची वेळ आली तर खाली पिवळा कनेक्टर दिसेल. पिवळा म्हणजे एअरबॅग. चावी बंद, बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबून मगच त्याला हात. चावी चालू असताना काढला की मीटरमध्ये लाल दिवा लागून बसतो. छताचंही तसंच: पडद्यासारखी बॅग छताच्या कडेला असते, खांबावरच्या प्लास्टिकमागे. जुनाकोटांनी सांगितलेलं छताचं काम नव्या गाडीत घरी करू नका. ताईंच्या झेनमध्ये यातलं काही नाही, तिथे बिनधास्त.

सातासमुद्र
मी अमेरिकेत, टेक्सासमध्ये. इथेही जुन्या गाड्यांची छतं अशीच लोंबतात, ऊन भाजून काढतं. इथल्या भंगार यार्डात स्वतःची हत्यारं घेऊन जायचं, हवा तो भाग स्वतः काढायचा आणि पैसे देऊन यायचं. माझ्या जुन्या होंडाचे दोन डोअर पॅड असेच मिळवले. एक धडा: नुसता 'बेज' म्हणून आणू नका. दोन बेज शेजारी ठेवले की वेगळे दिसतात. बऱ्याच गाड्यांच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर बाहेरच्या रंगाच्या कोडबरोबर आतल्या रंगाचाही कोड असतो. तो जुळवून घ्या.

सरळमार्गी
माझं मत थोडं वेगळं आहे. गाडी २००२ची आहे, तिला तिच्या मूळ रूपातच ठेवा. कुर्ल्याला सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत फिरलात तर झेनचे पॅड, कडे, ग्लोव्हबॉक्स अजून मिळतात. बाबांनी जी गाडी घेतली ती तीच दिसली पाहिजे. टॅन आणि स्वेड लावून तिची ओळख पुसू नका.

तांबडीमाती
सरळमार्गी, भावना समजते, पण भंगारातला पॅड म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत वीस वर्षं पाणी प्यायलेला पुठ्ठाच ना? प्लास्टिकचे भाग भंगारातून घ्या. पुठ्ठा, फोम, कापड नवंच हवं.

सरळमार्गी
हा मुद्दा मान्य. प्लास्टिक मूळचं, मऊ सामान नवं. पण रंग तरी मूळचाच ठेवा.

चिपळूणकर्ता
मऊ सामानाबद्दल माझं ऐका. २२ जुलै २०२१च्या पुरात आमची गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, वरून कोरडी दिसली म्हणून कव्हरं घातली. महिन्याने सीटवर बसलं की मांडीला ओल लागायची. शेवटी सगळं काढलं. फोमच्या आत गाळाचा बोटभर थर, सीटबेल्ट ओढला तर चिखलाच्या रेघा, गालिच्याखालच्या वाकळेत पाणी. फोम आणि वाकळ फेकूनच दिली. ओला फोम वरून वाळतो, आतून नाही. ओसरीताई, तुमचा मागचा फोम पिळला तर पाणी निघतंय म्हणालात. तो वाळवत बसू नका, बदला. आणि तो काढल्यावर पत्रा दिसेल तेव्हा तारेच्या ब्रशने गंज खरवडून प्रायमर मारल्याशिवाय वर काही टाकू नका.

आजीचीबाग
सगळे गाडीबद्दल बोलताय, मी बाबांबद्दल बोलते. माझे सासरे ८१ वर्षांचे, मी त्यांना रोज गाडीत बसवते-उतरवते. जुन्या सीटचा फोम खचलेला असतो, त्यामुळे माणूस खड्ड्यात बसतो आणि उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. आमच्याकडे कव्हर न बदलता नुसता खालचा फोम भरून घेतला, सीट दोन इंच वर आली, आणि ते स्वतःचे स्वतः उतरायला लागले.

दुसरं म्हणजे, खडबडीत कापडावर म्हाताऱ्या माणसाला वळता येत नाही, धोतर-पायजमा अडकतो. आधी बूड टेकवून मग दोन्ही पाय आत घ्यायचे असतील तर सीट थोडी गुळगुळीत हवी. पण सगळीच गुळगुळीत असली तर ब्रेक मारला की माणूस पुढे घसरतो. आम्ही बसायच्या मधल्या भागाला कापड आणि दाराकडच्या कडेला रेक्झिन असं शिवून घेतलं.

आणि दारावरचा पकडायचा कडा. तो आहे का बघा, नसेल तर बसवा. नप्पा-बिप्पा नंतर.

जुनाकोट
आजीचीबाग, तुमच्या या प्रतिसादाला दंडवत. तीस वर्षं सीटा शिवतोय, कडेला रेक्झिन आम्ही घालतो ते झिजू नये म्हणून. वळायला सोपं जातं हा विचार कधी केला नव्हता.

ताई, बसायच्या फोमला ४० डेन्सिटी मागा, पाठीला ३२ पुरते. दुकानदार मऊ फोम दाखवेल, बोट दाबलं की छान वाटतो, पण वर्षात बसतो. पॅडसाठी ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड, जुना पॅड वर ठेवून आखून कापून घ्या, आणि कापड लावायच्या आधी दोन्ही बाजूंना, कडांना आणि क्लिपांच्या भोकांच्या आतसुद्धा ऑइल पेंट. पाणी नेहमी कडेतून शिरतं.

ओसरी
मंडळी, अडीच महिन्यांनी येतेय. काम झालं.

पहिली धोतराची पट्टी मी ओढली, आई समोर ओंजळ धरून बसली. स्प्रिंग तिच्या चष्म्यावर आपटून ओंजळीत पडली. पॅड काढला तर पाचवागियर यांनी सांगितलं होतं तेच: प्लास्टिक स्पीकरएवढं गोल कापलेलं, खालचा भाग लोंबतोय, दाराच्या तळाची तिन्ही भोकं लाल मातीने बंद. खिळ्याने टोचली तर दारातून तांब्याभर गढूळ पाणी ओतलं. आमच्याकडे कौलांवर टाकायचं जाड प्लास्टिक होतं, तेच कापून ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवलं, खालची कड दाराच्या आत वळवून, म्हणजे ओघळ आतच पडतो. मग बाबा टॉर्च घेऊन गाडीत बसले आणि मी बाहेरून दहा मिनिटं नळी धरली. बाबा आतून ओरडून सांगत होते, "इकडे सुकं आहे, तिकडे मार!" एक थेंब आला नाही. एसीची नळी गॅरेजमध्ये हवा मारून मोकळी केली, आता गाडीखाली छान थेंब पडतात.

मागचा गालिचा आणि फोम टाकून दिला. पत्र्याला गंज होता, भोक नव्हतं. खरवडून, प्रायमर, रंग.

छत, पॅड आणि सीटा पुण्याऐवजी कोल्हापुरात जुनाकोटांकडे केल्या. छत फिकं करडं, सीटा गडद करड्या, मधे कापड, दाराकडच्या कडेला रेक्झिन, बाबांच्या सीटला ४०चा फोम. ग्लोव्हबॉक्सचं झाकण आणि डाव्या दाराचा कडा नाना पेठेतून, मूळचे. सगळं मिळून १९,४०० झाले. मॅट साधे रबराचे, उचलून झटकता येतात असे. स्पीकर परत बसवले नाहीत.

परवा बाबांना मार्लेश्वरला नेलं. कडा धरून आपले आपण बसले. वाटेत दोन-तीनदा हात वर करून छत चाचपत होते.

आजीचीबाग
वाचून फार बरं वाटलं. कडेचं रेक्झिन किती इंच ठेवलंत?

ओसरी
चार इंच. सहा चाललं असतं, बाबांचा पायजमा अजून किंचित अडकतो. पुढच्या वेळी कोणी करणार असेल तर सहाच करा.

नवीनभिडू
जुनाकोट, तुमचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? माझ्या मामांची सॅन्ट्रो आहे, तिचंही छत लोंबतंय.

जुनाकोट
केलाय. येताना आधी मागच्या सीटखाली हात घालून बघून या, ओलं आहे का ते.